कोणत्या सालापासून सुरुवात करायची?

अकरावीत शिकणारी माझी पुतणी एका संध्याकाळी आमच्या भोपाळच्या घरी आली, ती सात पानांचे टिपण हातात घेऊनच. तिच्या शाळेला अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेत इथिओपियाचे प्रतिनिधित्व मिळाले होते. विषय नाईलच्या पाण्याचा होता आणि सभेला तीन आठवडे उरले होते. टिपणात राजधानी होती, लोकसंख्या होती, दरडोई उत्पन्न होते, कॉफीची निर्यात होती. शेवटच्या पानावर ‘देशाची भूमिका’ या मथळ्याखाली चार ओळी होत्या : धरण बांधणे हा इथिओपियाचा सार्वभौम हक्क आहे, वगैरे. ‘‘ताऊजी, एवढं पाठ केलं की झालं ना?’’ तिने विचारले.

तो कागद मी ओळखला. सरकारी नोकरीत असे शेकडो कागद मी स्वतः तयार केले आहेत. नव्वदच्या दशकात दोन राज्यांमधल्या एका लहान नदीसंबंधी बैठक होती. राज्यांची नावे येथे सांगण्याचे कारण नाही. आमचे टिपण आकड्यांनी ठासून भरलेले होते : पाणलोट क्षेत्र, पर्जन्यमान, सिंचनाखालील जमीन. समोरच्या बाजूच्या वयोवृद्ध अभियंत्याने पहिलाच प्रश्न विचारला तो वीस वर्षांपूर्वी कबूल करून न बांधलेल्या एका बंधाऱ्याविषयी. आमच्यापैकी कोणालाही त्याची माहिती नव्हती, कारण ते इतिवृत्त त्यांच्या नस्तीत होते आणि ती नस्ती मागवावी असे मला सुचले नव्हते. बैठक अर्ध्या तासात आटोपली. चूक माझी होती. इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी म्हणवणाऱ्या माणसाकडून ती व्हावी, याची बोच अजून आहे.

म्हणून पुतणीला मी म्हटले, आकडे बाजूला ठेव. आधी हा देश आपली कहाणी कोणत्या सालापासून सांगतो ते शोध.

पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आले की इथिओपियात नदीचे नावच वेगळे आहे. आपण जिला निळी नाईल म्हणतो, ती तेथे अबाय आहे. इजिप्तमध्ये पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या पठारावरून येते, आणि पाण्याबरोबर तिथली मातीही वाहून जाते. तरीही पाण्याच्या वाटणीचे जे दोन करार इजिप्त आजवर पुढे करत आला, त्यांपैकी एकातही इथिओपिया नाही. १९२९ चा करार इजिप्त आणि ब्रिटन यांच्यातला. १९५९ चा इजिप्त आणि सुदान यांच्यातला : इजिप्तला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५ अब्ज, आणि ज्याच्या डोंगरात पाऊस पडतो त्याला शून्य.

मात्र १९०२ मध्ये सम्राट मेनेलिक दुसरा याने ब्रिटनशी केलेल्या सीमाकरारात अबायचा प्रवाह न अडवण्याचे कलम आहे, हेही तिला सापडले आणि ती खट्टू झाली. ‘‘हे तर आपल्या विरुद्ध आहे. सांगायचं नाही का?’’ मी म्हटले, समोरचा सांगणारच आहे. तुझ्याकडे उत्तर काय, ते बघ. इथिओपियाचे म्हणणे असे की अम्हारिक आणि इंग्रजी मसुद्यांचा अर्थ एकच नाही, आणि साम्राज्याशी झालेले बंधन आजच्या इजिप्तला वारशाने मिळत नाही. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. पण सही करणारा सम्राट कोण होता, हे त्याबरोबर वाचावे लागते. सहा वर्षांपूर्वीच, १८९६ मध्ये, अडवा येथे त्याने इटलीच्या सैन्याचा पराभव केला होता. इथिओपियाची ताठ मान तेथून येते.

आणि तिचा अविश्वास जिनिव्हाहून येतो. १९३५ मध्ये इटलीने पुन्हा आक्रमण केले. इथिओपिया राष्ट्रसंघाचा सदस्य होता. ३० जून १९३६ रोजी पदच्युत सम्राट हैले सेलासी स्वतः राष्ट्रसंघापुढे उभा राहिला आणि त्याने दाद मागितली. त्यानंतर काही दिवसांतच इटलीवरचे निर्बंध उठवण्यात आले. हा प्रसंग वाचल्यावर पुतणीला आपोआप उमगले की २०२० मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीतून इथिओपिया मागे का सरला, आणि इजिप्तने हा वाद सुरक्षा परिषदेत नेला तेव्हा आफ्रिकी संघाच्या बाहेर चर्चा नको, असा आग्रह त्याने का धरला. तिच्या सात पानांत यातले काही नव्हते. असते तरी ‘इतिहास’ या चौकटीत असते, ‘भूमिके’च्या शेजारी नव्हे.

धरणाचा पैसाही याच धाग्यात येतो. २०११ मध्ये काम सुरू झाले तेव्हा बाहेरून कर्ज मिळण्याची आशा नव्हती. सामान्य नागरिकांनी रोखे घेतले, सरकारी नोकरांनी पगारातून रक्कम दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या या ५,१५० मेगावॉटच्या प्रकल्पाकडे तेथील माणूस वीजकेंद्र म्हणून बघत नाही, तर आपल्या खिशातून गेलेल्या पैशाची वस्तू म्हणून बघतो. त्यावर तडजोड करणाऱ्या मंत्र्याला घरी जाऊन उत्तर द्यावे लागेल.

दुसऱ्या आठवड्यात मी तिला इजिप्तची बाजू लिहायला सांगितली. ती चिडली. पण दहा कोटींहून अधिक लोकांचा देश आपल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पाण्यासाठी एकाच नदीवर विसंबून असेल, तर ७४ अब्ज घनमीटर क्षमतेचा जलाशय वर उभा राहताना त्याला झोप कशी लागेल, हे लिहिता लिहिता तिची लेखणी मंदावली. सुदानचे तर आणखी अवघड : पूर आटोक्यात येणार म्हणून धरण हवे, आणि जवळच खाली असलेल्या आपल्या रोसेरेस धरणाला धोका म्हणून नको.

मग तिने एक कागद शोधून आणला, ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा करार आमसभेत मताला आला. १०३ देश बाजूने, ३ विरोधात, २७ तटस्थ. तटस्थांत इथिओपिया होता आणि इजिप्तही होता. ‘‘आणि आपणही, ताऊजी!’’

होय, भारतही. सिंधूच्या बाबतीत आपण वरच्या अंगाचे, ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत खालच्या अंगाचे. एप्रिल २०२५ मध्ये सिंधू करार स्थगित ठेवताना आपण जी भाषा वापरली आणि यारलुंग त्सांगपोवरील चिनी धरणाविषयी जी वापरतो, त्या दोन्ही कागदांवर एकाच मंत्रालयाचा शिक्का असतो. वरच्या राज्यात नोकरी केलेल्या मला याचे नवल वाटू नये. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात मध्य प्रदेशाला १८.२५ दशलक्ष एकरफूट पाणी मिळाले, महाराष्ट्राला ०.२५. आमच्या कार्यालयात तरीही अन्याय आमच्यावरच झाल्याचे सांगितले जाई. तेव्हा मी मान डोलावत असे.

एक शंका मनात होती, ती लपवत नाही. सोळा वर्षांच्या मुलांना अशा सभांत कोट-टाय घालून परक्या देशाचा अभिनिवेश उसना घ्यायला शिकवले जाते. बक्षीसही बहुधा ठणकावून बोलणाऱ्याला मिळते. सभेच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि सकाळी तसेच घडत होते. इजिप्तचा प्रतिनिधी, दुसऱ्या शाळेतला एक चुणचुणीत मुलगा, १९५९ चा आकडा पुन्हा पुन्हा सांगत होता. पुतणीने उठून १९०२ चे कलम स्वतःच वाचून दाखवले, मग आपले उत्तर दिले. मुलगा क्षणभर गप्प झाला, कारण त्याचे पुढचे भाषण त्याच कलमावर होते.

मधल्या सुट्टीत दोघे एका बाकावर बसले. पाणी कोणाचे हा वाद त्यांनी सोडून दिला. सामान्य वर्षात किती पाणी सोडायचे, रोजची मोजमापे सुदानला किती वाजता कळवायची, यावर त्यांची पाऊण पान सहमती झाली. मग प्रश्न आला सलग चार-पाच वर्षे दुष्काळ पडला तर काय. तेव्हा खाली किती सोडायचे, आणि ते बंधनकारक असावे की सल्ल्यापुरते? मुलगा म्हणाला, बंधनकारक. पुतणीने पेन खाली ठेवले आणि मागे वळून माझ्याकडे पाहिले. २०१५ मध्ये खार्तूममध्ये तिन्ही देशांनी तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हापासूनच्या वाटाघाटी याच ओळीपाशी येऊन अडतात. माझ्याकडे तिला सांगण्यासारखे काही नव्हते. घंटा झाली तेव्हा ती जागा मसुद्यात कोरीच होती, आणि दोघांनी कागद तसाच अध्यक्षांकडे दिला.