अल्प मोलाची रोमन नाणी

प्राचीन रोमची नाणी जमविणे हा केवळ धनिकांचा छंद, असा समज आहे. सुवर्णनाण्यांपुरता तो खरा असेल. कांस्यनाण्यांना मात्र तो लागू नाही. चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टंटाइन व त्याचे पुत्र यांच्या काळी, रोजच्या व्यवहारासाठी ही लहान नाणी अमाप पाडली गेली. पुष्कळांनी ती जमिनीत पुरून ठेविली. 2013 साली इंग्लंडात सीटन डाउन येथे एकाच जागी 22,888 नाणी सापडली! या विपुलतेमुळेच ती स्वस्त आहेत.

परंतु वाचकहो, किंमत थोडी म्हणून नाणे क्षुद्र नव्हे. इ. स. 330 च्या सुमारास निघालेल्या एका नाण्यावर दोन सैनिक व त्यांच्यामध्ये दोन ध्वज दिसतात. पाच-सहा वर्षांनी ध्वज एकच उरला आणि नाणेही हलके झाले. तळाची अक्षरे टाकसाळीचे नगर सांगतात: ट्रियर, अंत्युखिया, आलेक्सांद्रिया. ध्वज मोजावे, काळ कळावा. अक्षरे वाचावी, नगर कळावे.

म्हणून झिजलेल्या दहा नाण्यांपेक्षा सुवाच्य असे एकच घ्यावे, असे आम्ही सुचवितो. ते घासून चकचकीत करू नये. जुना हिरवट-तपकिरी थर हेच त्याचे कवच. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर ते इतरांपासून वेगळे ठेवावे. आणि कोठून आले हे विक्रेता सांगत नसेल, तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. चोरून उकरलेले नाणे हाती येते, पण ते कोणाच्या घरात, कोणत्या थरात पडले होते, हे ज्ञान कायमचे नष्ट होते.