भूक कळते, झोप कळत नाही

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की शिंप्याच्या दुकानातला दिवा रात्री दोनपर्यंत मालवत नाही. ईदचे कुर्ते, सलवारी, लहान मुलींचे फ्रॉक यांचा ढीग समोर पडलेला. शिंपी पहाटे चारला सहेरीसाठी उठलेला असतो. दिवसभर रोजा, मगरिबला इफ्तार, इशानंतर तरावीहची लांबलचक नमाज आणि मग पुन्हा मशीन. रात्री एकला हातून कापड चुकीच्या मापाने कापलं जातं. शेजारी म्हणतात, "रोज्याने अशक्तपणा आला असेल."

खरं तर त्या वेळी त्याचं पोट भरलेलं असतं. कमी पडलेली असते ती झोप.

हिशेब सोपा आहे. पहाटे चारला उठलेला माणूस दुपारी आडवा झाला नाही, तर रात्री नऊला तो १७ तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये याच गोष्टीची मद्याशी तुलना केली. सलग १७ तास जागलेल्यांचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका बिघडला होता. २४ तास जागल्यावर तो ०.१० टक्के मद्याइतका घसरला. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. जन्मात दारूला न शिवलेला भला माणूस रात्री अकराला ईदची खरेदी आटोपून बायको-मुलांना दुचाकीवर बसवतो, तेव्हा तो याच अवस्थेत असतो. पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली तरी काही निघणार नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते.

हे फक्त रोजेदारांचं दुखणं नाही. गणेशोत्सवातली जागरणं, लग्नघरची धावपळ, परीक्षेची आदली रात्र, कारखान्यातली रात्रपाळी, सगळीकडे मेंदू तोच असतो.

फसवणूक पुढेच आहे. भूक लागली की पोट सांगतं. झोपेची तूट मात्र काही दिवसांनी जाणवेनाशी होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निरोगी माणसांना १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी त्यांची कामगिरी दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली होती. आपण फारसे पेंगुळलेलो नाही, असंच मात्र ती सांगत राहिली. "मला सवय आहे" या वाक्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

त्यात घाईची भर पडते. ताण बेताचा असला तर माणूस तरतरीत राहतो. तो वाढला की लक्ष एकाच गोष्टीला चिकटतं आणि बाजूचं दिसेनासं होतं. इफ्तारला दहा मिनिटं उरलेली असताना घड्याळाकडे बघत चौक ओलांडणाऱ्याला डावीकडून येणारी सायकल दिसत नाही, ती अशी. अपुऱ्या झोपेने रागावरचा मेंदूचा लगामही सैल होतो. कुणी भांडायला आलं तर 'मी रोज्याने आहे' एवढंच म्हणावं, ही पैगंबर साहेबांची शिकवण अशा संध्याकाळी फार कामाला येते.

उपाय जुनाच आहे. दुपारच्या छोट्या झोपेला कैलूला म्हणतात आणि ती सुन्नत मानली जाते. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती दिली. सरासरी २६ मिनिटंच झोप लागली, पण पुढच्या टप्प्यात ते न झोपलेल्यांपेक्षा कितीतरी सावध होते. इफ्तारनंतरचा कडक चहा मात्र बेताने घ्यावा. त्याचा निम्मा अंमल पाचेक तासांनीही टिकतो आणि सहेरीआधीची उरलीसुरली झोपही खातो.

शिंप्याने कापणी सकाळी करावी. बटणं, काज आणि इस्त्री रात्रीसाठी ठेवावी. आणि जोहरच्या नमाजनंतर दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं दिसलं, तर गिऱ्हाइकाने ते खडखडवू नये. आत कापायचा राहिलेला कुर्ता त्याचाच असू शकतो.