राजीचे नगर: प्रथमदर्शनी

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांतील घराघरांत व्हिडिओ गेम म्हटला की मोबाइलवर चाललेला गोळीबार आणि त्यावरून वडीलधाऱ्यांनी धरलेला अबोला एवढेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्यामुळे पुराणकथेच्या भूमीत हिंडण्याची मुभा देणारा, जत्रेत कसरती करून पोट भरणारी मुलगी जिची नायिका आहे असा एक खेळ पुण्यातल्या एका लहानशा मंडळीने सिद्ध केला, ही वार्ता आपल्याकडील सर्वसाधारण वाचकाच्या कानी फारशी आलेली नसावी. ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हे त्या खेळाचे नाव, आणि नॉडिंग हेड्स गेम्स ही त्याची कर्ती संस्था. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला, ऑक्टोबरात संगणक व इतर यंत्रांवर आला, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांमध्ये त्याला नामांकनही लाभले.

कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. असुर जत्रेवर धाड घालतात, राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात, आणि दुर्गा व विष्णू यांच्या प्रसादाने त्रिशूळ, धनुष्य अशी आयुधे लाभलेली ती मुलगी महाबलासुराच्या शोधात एकटीच निघते. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या प्रवेशांतून उलगडतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही योजना परकी वाटणार नाही.

या खेळाचे खरे ऐश्वर्य मात्र त्याच्या भिंतींत आहे, आणि मी अधिकात अधिक वेळ रेंगाळलो तो तेथेच. राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे, कमानी, पाण्याने भरलेली प्रांगणे आणि त्यांवर पहाडी चित्रशैलीच्या वळणाने रंगवलेली दृश्ये यांची रचना अशी की, चालता चालता एखाद्या भित्तिचित्रापाशी राजी थांबली म्हणजे चित्रातील देवतेची कथा ऐकू येऊ लागते, दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलू लागतात, लढाईचा सारा कोलाहल मागे पडतो आणि मघापर्यंत घाईने बटणे दाबणारा खेळाडू हातातील कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता पाहत राहतो. महिषासुराच्या वधाची कथा लहानपणापासून ज्याने घरच्या नवरात्रात ऐकली आहे, त्याला ती येथे पुन्हा नव्याने भेटते. लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने भारतीय वाद्यांचा आधार घेऊन दिलेले संगीत या दृश्यांना शोभेल असेच गंभीर आहे.

युद्धाविषयी तितकेच समाधान व्यक्त करता येत नाही. खांबाला गरकन वळसा घालून वार करणे, भिंतीवर धावत जाऊन उलटी झेप घेणे, हे राजीच्या कसरतपटू जिण्याला साजेसे डाव पहिल्या भेटीत मोठे मोहक वाटतात. पण चौफेर बंद झालेल्या अंगणात तेच ते असुर पुन्हा पुन्हा चालून येऊ लागले, आणि वार चुकवताना राजीच्या हालचालीत जराशी जडता जाणवू लागली, म्हणजे तो मोह ओसरतो. कॅमेरा फिरवण्याची मुभा खेळाडूला नाही, तेव्हा एखादी उडी नेमकी कुठे पडेल याचा अदमासही कधी कधी चुकतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हापासून भूमिका वठवण्याच्या अद्भुत खेळांची जी परंपरा सुरू झाली, तिचा गाभा असा की खेळाडूने घेतलेला निर्णय त्याला पुढे भोवतो. ‘राजी’ त्या परंपरेच्या वेशीवर उभा आहे, आत शिरलेला नाही. आयुधांची शक्ती वाढवण्यासाठी मिळालेले गुण येथे केव्हाही काढून दुसरीकडे लावता येतात, त्यामुळे निवडीला वजन उरत नाही. शिवाय त्या नगरात माणूसच भेटत नाही. दुकानदार नाही, पुजारी नाही, वाट सांगणारी म्हातारी नाही. एवढ्या देखण्या वास्तूंतून मुलगी एकटीच धावत राहते, आणि ही उणीव मला लढाईतील दोषांहून अधिक खुपली.

सेलू तालुक्यातील वालूरची बारव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना माझे म्हणणे चटकन उमगेल. मळसूत्रासारख्या फिरत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या या खेळातील कोणत्याही प्रांगणाच्या बरोबरीने उभ्या राहतील. पण ती वास्तू पाहणाऱ्याच्या मनात घर करते ती गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून तिला पुन्हा उजेडात आणले म्हणून, कुणाच्या आजीने तिथून पाणी भरले होते ते सांगणारी माणसे अजून आसपास आहेत म्हणून. चारठाण्याच्या मंदिरांची आणि दीपमाळेचीही तीच कथा. मराठवाड्यातील असे एखादे ठाणे घेऊन, त्यात गोंधळी, पोतराज, वासुदेव, पाणक्या असे सारे वसवून, प्रत्येकाशी बोलल्याचा परिणाम पुढच्या वाटेवर होईल असा खेळ रचला गेला, तर तो पाहण्यासाठी मी वाट्टेल तितकी प्रतीक्षा करीन.

भाषेची बाब राहिली. मूळ खेळात पात्रे इंग्रजीत बोलतात. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची तजवीज झाली. पुण्यात जन्मलेल्या या खेळात दुर्गेने एकदा तरी मराठीत बोलावे, अशी इच्छा धरणे गैर नव्हे. तिची कथा आमच्या घरांत त्याच भाषेत सांगितली जाते.

एकंदर खेळ पाच-सहा तासांत आटोपतो, आणि तोही अशा ठिकाणी की बहीण-भावाची गाठ पडते न पडते तोच पडदा खाली येतो, आणि इतका वेळ तिच्याबरोबर चाललेल्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. आता ‘राजी: कलियुग’ हा पुढचा भाग जाहीर झाला आहे. त्यातील नगराच्या वेशीवर राजीला हटकणारा कुणी पहारेकरी भेटतो का, ते मी प्रथम पाहणार आहे.