सरासरीत हरवणारी लय

जखमेत जंतू शिरले की सर्वांत आधी धावून येतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. निरोगी प्रौढाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक याच असतात. त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रे, अगदी मोजकी, त्यामुळे ऊर्जेसाठी त्यांची भिस्त मुख्यतः ग्लायकॉलिसिसवर, म्हणजे ग्लुकोज तोडणाऱ्या रासायनिक साखळीवर असते. ही साखळी एकाच गतीने चालते, की तिला चढउतारांची लय असते? रक्ताच्या नमुन्याची सरासरी काढून हे कळत नाही. त्यासाठी एकेक जिवंत पेशी डोळ्यांखाली ठेवावी लागते.

त्याची सोय पेशीतच आहे. ग्लुकोज तुटताना निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी हा रेणू उचलतो आणि त्याचा एनएडीएच होतो. एनएडीएचवर ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश टाकला की तो निळसर चमकतो. इलेक्ट्रॉन पुढे देऊन टाकले की ही चमक जाते. म्हणजे बाहेरून कोणताही रंग न घालता, नुसत्या चमकेवरून पेशीतल्या चयापचयाचा अंदाज घेता येतो.

या चमकेतले हेलकावे प्रथम दिसले ते यीस्टमध्ये. नेदरलँड्समधील डॉयसेन्स आणि आमेस यांनी १९५७ मध्ये त्यांची नोंद केली. पुढे १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ब्रिटन चान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. हेलकाव्यांचे मूळ ग्लायकॉलिसिसमधल्या एका एन्झाइमच्या स्वभावात आहे. पेशीत एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, साठले की फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम मंदावते, एटीपी खर्च झाले की पुन्हा वेग घेते. हा बदल घडायला थोडा उशीर लागतो, आणि त्या उशिरातून लय जन्मते.

पण यीस्टच्या कोट्यवधी पेशींच्या एकत्रित द्रावणात ती दिसली कशी? यीस्ट पेशी अॅसिटाल्डिहाइड बाहेर सोडतात आणि त्या इशाऱ्यावर एकमेकींशी ताल जुळवतात. दिंडीतले सगळे टाळ एका ठेक्यात पडले तर तो ठेका दूरवर ऐकू येतो. ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे वाजवले, तर उरतो तो गलका. रक्तातल्या पेशी दुसऱ्या प्रकारच्या. एकीची चमक चढत असताना दुसरीची उतरते आणि हजारोंची सरासरी सपाट निघते. म्हणून इथे सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही.

अमेरिकेतील हॉवर्ड पेटी यांच्या गटाने एकेका न्यूट्रोफिलवर असे मोजमाप केले. स्थिर, गोल पेशीत सुमारे तीन मिनिटांची, तर आकार लांबवून सरकणाऱ्या पेशीत सुमारे वीस सेकंदांची लय आढळल्याचे त्यांनी नोंदवले. वीस सेकंदांचा हेलकावा टिपायचा तर मोजमाप दहा सेकंदांहून कमी अंतराने, पुन्हा पुन्हा करावे लागते.

खरी अडचण इथेच आहे. चमक अंधूक असते, म्हणून प्रकाश वाढवावासा वाटतो. पण अतिनील प्रकाश पेशीला इजा करतो, आणि न्यूट्रोफिल तर चिथावणीला लगेच प्रतिसाद देणारी पेशी. शिवाय ती सतत आकार बदलते. तिचा जाड भाग प्रकाशाखाली आला की रसायन तेवढेच असूनही चमक वाढल्यासारखी दिसते.

यावर दोन उपाय निघाले. पहिला १९९० चा, कॉर्नेल विद्यापीठातील डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांचा. सुमारे ७५० नॅनोमीटरच्या सौम्य प्रकाशाचे दोन फोटॉन रेणूने एकाच क्षणी शोषायचे. हे फक्त नाभीच्या बिंदूपाशी घडते, त्यामुळे त्याच्या वरखालचा भाग वाचतो. दुसरा उपाय म्हणजे चमक किती आहे यापेक्षा ती किती वेळ टिकते हे मोजणे. मोकळ्या एनएडीएचची चमक सुमारे ०.४ नॅनोसेकंदांत ओसरते, प्रथिनाला चिकटलेल्याची त्याहून बरीच जास्त टिकते. हा काळ पेशीच्या जाडीवर अवलंबून नसतो.

विस्कॉन्सिनमधील मेलिसा स्काला यांच्या गटाने २०२१ मध्ये याच पद्धतीने शांत आणि सक्रिय टी-पेशी (याही पांढऱ्या पेशीच) वेगळ्या ओळखून दाखवल्या. कर्करोगावरील कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत दिल्या जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या अशा उपचाराला २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. पेशींना रंग न लावता, त्या न गमावता त्यांची अवस्था कळणे या क्षेत्रात मोलाचे ठरेल.

लयीबाबत मात्र प्रत्येक आलेखाला आधी काही प्रश्न विचारावे लागतात. प्रकाश निम्मा केला तरी हेलकावा त्याच गतीने राहतो का? ग्लायकॉलिसिस औषधाने रोखल्यावर तो थांबतो का? चमकेचा टिकण्याचा काळही सोबत हेलकावतो का? या तिन्हींना होकार मिळाला, तरच ती लय पेशीची म्हणायची. नाहीतर आपण आपल्याच दिव्याचा परिणाम मोजत असू.