अभ्यासक्रमाची पाठचिकित्सा : न्यायवैद्यकातील एका प्रकरणाच्या निमित्ताने

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करताना पुढे कोणी संहितेत भर घालू नये, असेही त्यांनी बजावले. तरी पाठभेद संपले नाहीत. वैद्यकीय अभ्यासक्रम हीदेखील पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाणारी संहिताच आहे. समव्यावसायिकांनी केलेले तिचे परीक्षण हा आपल्या परिभाषेत पाठचिकित्सेचाच एक प्रकार होय. प्रस्तुत टिपणात या दृष्टीने एका प्रकरणाचा विचार केला आहे.

एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला न्यायवैद्यकशास्त्रात ‘कौमार्याची लक्षणे’ हा घटक शिकवला जात असे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी, या लक्षणांना शास्त्रीय आधार नाही, असे दाखवणारा अहवाल सादर केला. त्यानंतर २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो घटक अभ्यासक्रमातून वगळला. येथे प्रश्न केवळ ग्रंथशुद्धीचा नव्हता. पाठ्यपुस्तकातील विधान तपासणीच्या अहवालात उतरते, तेथून न्यायालयातील साक्षीत जाते आणि पीडित स्त्रीच्या शब्दाची किंमत ठरवू लागते.

परंतु अपपाठ गाळल्याने तो व्यवहारातून जातोच असे नाही. उद्या न्यायालयानेच अशा चाचणीचा आदेश दिला, तर त्याविषयी काहीच न शिकलेल्या डॉक्टरने काय उत्तर द्यावे? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केलेला बदल म्हणूनच अधिक विचारपूर्वक वाटतो. ही चाचणी अशास्त्रीय, अमानुष आणि भेदभावमूलक आहे, हे शिकवावे. तसा आदेश आल्यास तिचा निराधारपणा न्यायालयाच्या निदर्शनास कसा आणावा, याचेही प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले होते. नाशिकने पाठ गाळला, आयोगाने त्याखाली खंडनपर टीका लिहिली. आयोगाची ही चौकट सेवाग्रामइतकीच जयपूरच्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयालाही लागू होते.

एवढे होऊनही ३१ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या सुधारित अभ्यासक्रमात कौमार्याचा जुना पाठ परतला आणि स्त्री-समलैंगिकतेची गणना अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांत झाली. टीकेनंतर ५ सप्टेंबरला तो दस्तऐवज मागे घेण्यात आला. १२ सप्टेंबरला नवी आवृत्ती निघाली.

म्हणजे एकदा केलेली शुद्धी कायम टिकत नाही. चिकित्सक आवृत्तीचा संपादक स्वीकृत पाठाबरोबर त्याज्य पाठही नोंदवतो आणि त्यागाचे कारण देतो. अभ्यासक्रमालाही अशा तळटीपा हव्यात : काय गाळले, कोणत्या पुराव्यावरून गाळले आणि कोणाच्या आक्षेपामुळे. ही स्मृती संहितेसोबत राहिली नाही, तर पुढचा संपादक जुनी प्रत समोर ठेवून निःशंकपणे तीच चूक पुन्हा उतरवील. आणि त्या चुकीची शिक्षा एखाद्या स्त्रीला साक्षीच्या पिंजऱ्यात भोगावी लागेल.