पिस्तुलाचा धक्का आणि नेमाचे गणित

शूटिंग रेंजवर नवखा माणूस पिस्तुलांची तुलना आवाजावरून करतो. .२२ चा बार कोरडा आणि छोटा, तर ९ मिमीचा छातीत घुमतो. मग .२२ शिकाऊंसाठी आणि ९ मिमी खऱ्या नेमबाजांसाठी, असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात ऑलिंपिकमधली २५ मीटर पिस्तूल स्पर्धा .२२ नेच खेळली जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात.

हातातले पिस्तूल लहान असले की धक्काही कमी, हा समज तर पार उलटा आहे. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते. ९ मिमीची ८ ग्रॅमच्या आसपास भरते आणि तिचा वेगही थोडा जास्त असतो, त्यामुळे धक्का तिपटीहून अधिक. हा धक्का झेलायला पिस्तुलाचे वजनच कामी येते. तेच काडतूस हलक्या, छोट्या पिस्तुलात घातले तर ते हातात जास्त उसळते. तरीही महिलांना आणि नवशिक्यांना आवर्जून छोटे पिस्तूल सुचवले जाते. हा सल्ला मला फार खटकतो, कारण त्यातून लागलेली भीती पुढे महिनोन्‌महिने जात नाही.

नेम चुकवते ती ही भीतीच. उसळी दिसते तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते. बार होणार या धास्तीने चाप ओढतानाच मनगट खाली दबते आणि गोळी खाली लागते. याची खात्री करायची असेल तर प्रशिक्षकाला मॅगझिनमध्ये मधेच एखादे डमी काडतूस भरायला सांगावे. ते आले की बार होत नाही, पण नळीचे टोक खाली झुकलेले सगळ्यांना दिसते.

लांब नळीचे पिस्तूल मुळातच अचूक, हेही अर्धसत्य. शिकंज्यात पक्के बसवले तर आखूड नळीचे चांगले पिस्तूलही गोळ्या जवळजवळ लावते. फरक पडतो तो पुढच्या आणि मागच्या साइटमधल्या अंतरामुळे. हे अंतर २२० मिमी असताना साइट जुळवण्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर २५ मीटरवर गोळी ५७ मिमी सरकते. अंतर १४० मिमी असेल तर ८९ मिमी. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचे वर्तुळ ५० मिमी व्यासाचे, म्हणजे त्याच चुकीला एका पिस्तुलात आठ गुण आणि दुसऱ्यात सात. म्हणून नजर टार्गेटवर नव्हे, पुढच्या साइटवर ठेवतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. टार्गेट धूसर दिसले तरी चालते.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो १० मीटरच्या एअर पिस्तुलावर. आवाज नाही, धक्का जवळजवळ नाही, म्हणून लोक त्याला खेळणे समजतात. पण त्याचे दहाचे वर्तुळ फक्त ११.५ मिमीचे असते. शिवाय छर्रा .२२ च्या गोळीपेक्षा बराच संथ असल्याने नळीत जास्त वेळ राहतो आणि तेवढ्यात हात हलला तर ते टार्गेटवर उमटते. पॅरिसमध्ये २०२४ साली मनू भाकरची दोन्ही कांस्यपदके याच पिस्तुलाची होती.

चाप जितका हलका तितका चांगला, असेही म्हणतात. नियमाने एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटरच्या पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम वजन पेलावे लागते. हाताला कळते ते मात्र वजनापेक्षा चाप न अडखळता सुटतो की नाही, हे. दोन पिस्तुले ताडून पाहताना आधी मूठ तळव्यात नीट बसते का ते बघावे, मग एकाच अंतरावरून दोन्हींतून सारख्या गोळ्या झाडून त्यांचा पसारा मोजावा. .२२ च्या बाबतीत काडतुसेही बदलून पाहावीत. एका कंपनीची एका नळीला मानवतात, तर दुसऱ्या नळीत त्यांचाच पसारा वाढतो.