जुनी सायकल आणि कामगाराची वाट

छत्रपती संभाजीनगरला येणारा पाहुणा सामान्यतः वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा पाहून परततो. सायकलचा षोक असलेल्या पाहुण्याला मात्र आणखी दोन प्रश्न पडतात. जुन्या घडणीची सायकल कोठे पाहावयास मिळेल, आणि सायकल हाकावी तर कोणत्या वाटेने? या प्रश्नांसाठी वाळूज औद्योगिक वसाहतीतील बजाजनगर गाठावे, हा सल्ला प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. सायकलस्वाराला स्कूटरचे स्वप्न दाखविणाऱ्या उद्योगाचेच नाव या वस्तीला लाभले. परंतु ज्या वस्तीत कामगार राहतो, तेथे सायकल आठवणीपुरती उरत नाही. ती रोजच्या मिळकतीचे साधन असते.

'जुन्या सायकली मिळतील' अशी पाटी शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. जुनी सायकल सापडते ती पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीत, हातपंप आणि पाण्याची परात यांच्या शेजारी. कोणाच्या ओसरीत इंग्लंडची रॅले किंवा हंबर गंजत पडली आहे, हे मिस्त्रीला ठाऊक असते. बजाजनगरात, तसेच शहरातील शहागंज, गुलमंडी, पैठण गेट या जुन्या बाजारपेठांत अशीच विचारपूस करावी. हँडलखालच्या नळीवरील बिल्ला पाहिला की कुळी कळते. १९४९ साली मद्रासेत स्थापन झालेली टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनिपतला सुरू झालेली अ‍ॅटलस, आसनसोलची सेन-रॅले ही स्वदेशी कारखानदारीची नावे. त्यांपैकी अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनीच, बंद पडला.

वस्तू टिकते ती केवळ मजबुतीमुळे नव्हे. दुरुस्तीचा खर्च नव्या खरेदीहून कमी असेल तोवरच ती टिकते. काळ्या उभ्या सायकलचे टायर, छर्रे, तारा आजही बाजारात मिळतात, म्हणून पन्नास वर्षांची सायकलही रस्त्यावर येऊ शकते. सुटे भाग परवडेनासे झाले की ती भंगारात जाते, आणि भंगाराच्या तराजूत हंबर व लोखंडी गज एकाच भावाने विकले जातात. षोकिनाला तिचे मोल ठाऊक असते, विकणाऱ्याला नसते. पाहुण्याने या अज्ञानाचा लाभ न उठविता रास्त दाम द्यावा, एवढी अपेक्षा गैर नाही. पुण्याच्या कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय आहे. त्या जतनाचे महत्त्व मोठे आहे. पण संग्रहालयातील सायकलला रस्ता लागत नाही, कामगाराच्या सायकलला लागतो.

रस्त्यांचे वैभव या शहराला कमी नाही. बजाजनगराहून नगर नाका आणि छावणी गाठली की पडेगाव, मिटमिटा, शरणापूरवरून दौलताबादला जाता येते. शहरापासून हे अंतर सुमारे १५ किलोमीटर. पुढे घाट चढून खुलताबाद, आणि सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळ. एवढी दौड झेपत नसेल त्याने पाणचक्की, मकबरा आणि डोंगरातील औरंगाबाद लेणी ही जवळची वाट धरावी. दोन्हीकडे निघावे ते पहाटे. उन्हाळ्यात तर दुसरा पर्यायच नाही.

मात्र या सहलीचा पहिला टप्पा, म्हणजे औद्योगिक वसाहतीतून जाणारा नगर रस्ता, हाच सर्वांत धोक्याचा. पाहुण्याला तो एकदाच पार करावयाचा असतो. डबा लावून पाळीवर जाणाऱ्याला रोज, ट्रक आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांच्यामधून, पुष्कळदा अंधारात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने, तर सुमारे २३ टक्के पायी कामावर जात होते. एवढ्या मोठ्या वर्गासाठी रस्त्याची एक कडाही राखून न ठेवणे, ही निधीच्या टंचाईपेक्षा अग्रक्रमाची चूक होय.

पर्यटकांसाठी रंगविलेला सायकलमार्ग उद्यानापाशी सुरू होतो आणि तलावापाशी संपतो; त्याने कामगाराची सोय होत नाही. उलट, कारखान्याच्या फाटकापासून वस्तीपर्यंत सलग, दिवे असलेली, सुरक्षित वाट झाली, तर पाहुण्याची सोय आपोआप होईल. सायकलींचे शहर म्हणून नाव कमवावयाचे असेल, तर आरंभ वेरूळच्या दिशेने नव्हे, पहिल्या पाळीच्या दिशेने करावा लागेल.